हाक मारायचं नाव

९ जून २०२५, सोमवार

मुलगा! भव्या बरी आहे, बाळही. हर्ष आधी रडला, मग म्हणाला, "आई, मी रडतोय त्याचा फोटो काढ." काढला.

नाक ह्यांचं आहे. दुसरं कोणी बोललं नाही, पण मला दिसलं. आज हे असायला हवे होते. वर्षभरात सवय होईल म्हणणारे सगळे खोटारडे. दीड वर्ष होऊन गेलं.

नावाचा प्रश्नच नाही. शहाजीराजांच्या मागे आमचे लोक बंगळूरला आले, तेव्हापासून ह्या घरात दोनच नावं आलटून पालटून चालत आली — हणमंतराव, जयतीर्थ, हणमंतराव, जयतीर्थ. आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव. हर्षच्या वेळी माझे सासरे हणमंतराव चांगले ठणठणीत होते, आणि हयात माणसाचं नाव ठेवत नाहीत, म्हणून तो हर्ष झाला. आता ह्यांच्यामागे बाळ जयतीर्थ. मिटलं.

१३ जून

भव्या घरी आली. तिला आई नाही, तेव्हा माहेर आणि सासर दोन्ही येलहंक्यातलं हेच घर. तेल लावणं, शेक, डिंकाचे लाडू — सगळं माझ्याकडे. सून कन्नड घरातली, पण इथलं मराठी बोलायला शिकली. मला मात्र 'आई' नाही, अजून कन्नड 'अत्ते'च म्हणते. चालतं.

संध्याकाळी हर्ष म्हणाला, "आई, नाव ठरवलंय आम्ही. काइ."

"काय?"

"हो."

"हो काय?"

"काइ!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी त्याने मोबाइलवर लिहून दाखवलं. मला वाटलं, पुढचं टाइप व्हायचं राहिलंय.

१४ जून

रागाने डोकं दुखतंय. चहा घेतला नाही. घेतला, पण उशिरा.

१६ जून

हर्षने समोर बसवून मला जगाची सफर घडवली. हवाई बेटांवर काइ म्हणजे समुद्र. जपानीत शिंपला. चिनीत उघडणं. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत अन्न. जुन्या ग्रीकमध्ये 'आणि'. फिनलंडमध्ये — तिथे त्याच्या कंपनीचं गिऱ्हाईक आहे — 'बहुधा'.

"बघ आई, एवढासा शब्द. ह्या भाषांचं एकमेकींशी काही नातं नाही. आणि कुठेही वाईट अर्थ नाही!"

"हिंदीत शेवाळ," मी म्हटलं.

त्याने मोबाइल चाळून बघितला. मग म्हणाला, "शेवाळ नॅचरल असतं."

समुद्र, शिंपला, आणि, बहुधा. हे नाव आहे की कोणीतरी अर्ध्यात सोडलेलं वाक्य? कन्नडमध्ये आखूड म्हटलं तर हात, लांबवलं तर नारळ. आणि आपल्याकडे तर नुसता प्रश्न! पोरगा शाळेत जाईल, बाई नाव विचारतील, हा सांगेल, बाई पुन्हा विचारतील. चौथीपर्यंत हजेरीच व्हायची नाही.

२० जून

मल्लाप्पा भाजीची गाडी घेऊन खाली आला. "नुग्गेकायी! बदनेकायी! हीरेकायी!" शेवगा, वांगी, दोडका — अर्धी गाडी माझ्या नातवाला हाका मारत होती. मी हर्षला म्हटलं, "ओ दे की, तुझ्या मुलाला बोलावतायत."

हर्ष चिडला. भव्या हसली, आणि हसता हसता टाके दुखले म्हणून कळवळली. मग मलाच वाईट वाटलं. एक लाडू जास्त दिला.

भव्या मनाने चांगली आहे, हे लिहून ठेवते. ह्यांच्या आजारात दुपारची दवाखान्यात तीच बसायची, मी घरी डबा करायला यायचे तेव्हा. दोघांचं काय काय बोलणं चालायचं. मी गेले की बंद! सासरा-सुनेची अशी गट्टी मी दुसरीकडे पाहिली नाही. म्हणून तर राग जास्त येतो. हर्षला कळत नाही हे समजू शकते, त्याला कधीच काही कळलेलं नाही. पण हिने तरी अप्पांच्या नावाला नको म्हणावं?

२९ जून

विजेचं बिल आलं. अजून ह्यांच्याच नावावर. हर्ष म्हणतो बदलून घेऊ, बसल्या जागी होतं. मी नको म्हणते.

आता नाव उरलंय ते बिलावर आणि दारावरच्या पाटीवर. फोन येत नाहीत, पत्रिका माझ्या नावाने येतात. नातवालाही ते नाव नाही म्हटल्यावर संपलंच की सगळं. मला ते नाव ह्या घरात रोज ऐकायचंय. कोणीतरी कोणाला तरी त्या नावाने जेवायला बोलावतंय, उठवतंय, रागावतंय. एवढंच हवंय. ह्यापेक्षा जास्त मी ह्या लोकांकडे कधी काही मागितलेलं नाही.

(मागितलंय. पण ते वेगळं.)

६ जुलै

मनस्विनी यशवंतपूरहून आली. बाळाची आत्या ती — कानात कुर्र करून नाव सांगायचा मान तिचा. म्हणजे खरी किल्ली माझ्या लेकीच्या हातात! तिला स्वयंपाकघरात नेऊन सगळं सांगितलं. तर मलाच उलट विचारते, "आई, तू घेतलंयस का कधी अप्पांचं नाव?"

"घेतलं की. लग्नात घेतलं. हळदीकुंकवाला घेते."

"ते उखाण्यात. हाक मारलीयस?"

काय प्रश्न! कोण मारतं? चाळीसहून जास्त वर्षांचा संसार 'अहो'वर झाला, काही अडलं नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजात होते तेव्हा दिवसभर परक्या पुरुषांची नावं पुकारायची — "हुबळी, मिस्टर गिरीराजना बोलवा" — त्यात काही वाटायचं नाही. पण घरचं ते घरचं. हे मागच्या खोलीत असले तर बांगड्या वाजवायच्या. बाजारात पुढे निघून गेले तर हर्षला पळवायचं. सुरुवातीला हे चिडवायचे, "एकदा मारून बघ की, काही होत नाही." मी लाजायचे. मग लाजायचं वय गेलं. मग सवयच झाली.

कागदावर येतं नाव. तोंडातून येत नाही. ह्यात मनस्विनीला हसण्यासारखं काय वाटलं, देव जाणे.

१३ जुलै

भीमाचार्यांना फोन केला. आमचे पुरोहित ते, माझी बाजू घेतील अशी आशा. म्हणाले, "वसुमतीबाई, ताटातल्या तांदळात मी देवाचं नाव लिहवीन, महिन्याचं लिहवीन, नक्षत्राचं लिहवीन. व्यवहाराचं नाव कुठलं, हे तुमच्यातलं राजकारण. मला त्यात ओढू नका."

हर्षने त्यांना आधीच फोन केला होता म्हणे!

२० जुलै

आज सांगून टाकलं. ते नाव मला ह्या घरात रोज ऐकायचंय. जयतीर्थ नसेल तर मी बारशाला बसणार नाही. देवनहळ्ळीला बहिणीकडे जाते, तुमचं काइ-बिइ आटपलं की कळवा.

हर्षने हात जोडले आणि खोलीत गेला. बापासारखा. भव्या पाळण्यापाशी उभी होती. म्हणाली, "अत्ते, स्वल्प ऐका. अप्पांना—"

"अप्पांना काय वाटलं असतं ते तू मला सांगू नकोस," मी म्हटलं.

ती पाळण्याकडे वळली. जरा जास्तच बोलले. पण बोलले ते बोलले.

२२ जुलै

भव्या सकाळी चहा घेऊन आली. "सरी, अत्ते. तुमच्या मनासारखं करू."

जिंकले!

तिचे डोळे सुजलेले होते. बाळ झोपू देत नाही तिला.

१० ऑगस्ट, रविवार

बारसं झालं. हर्षने अंगठीने ताटातल्या तांदळात नावं लिहिली. शेवटचं नाव लिहिताना त्याचा हात थांबला, मग 'जयतीर्थ' लिहिलं. त्याच्या बापाचं अक्षर आणि त्याचं अक्षर एकसारखं आहे, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मनस्विनीने कुर्र केलं, बाळाच्या कानात तीनदा नाव सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून तिच्या पाठीत धपाटे घातले. पोळ्या मऊ झाल्या होत्या.

खूप दिवसांनी पोटभर जेवले. ताटावर बसल्या बसल्या रडले, पण ते बरं रडणं होतं.

१२ ऑगस्ट

आज सकाळी हर्ष पाळण्यावर वाकून ओरडत होता, "जयतीर्था! परत शी केलीस? घाणेरड्या!"

माझ्या हातातलं भांडं पडलं. ह्यांच्या नावाला असं कोणी बोललेलं नाही — आयकर खात्यानेसुद्धा नाही. हर्षला म्हटलं, जरा जपून बोल. म्हणतो, "आई, तूच म्हणालीस की रोज ऐकायचंय."

२३ ऑगस्ट

सगळे नावाने हाका मारतात. हर्ष मारतो, मनस्विनी फोनवरून मारते, शेजारच्या स्मृतीची मुलं दारातून मारतात. ऐकायला छान वाटतं.

मी 'बाळ' म्हणते. बाळच आहे तो. ह्या वयात वेगळं काय म्हणायचं?

२८ ऑगस्ट

भव्या आंघोळीला गेली होती, बाळ रडत होतं. पाळणा हलवला, खुळखुळा वाजवला. मग वाटलं, ऐकायला कोणी नाही, नावाने हाक मारून बघावी. तोंड उघडलं. 'ज' सुद्धा आला नाही. जिभेला लकवा मारावा तसं झालं. बांगड्या वाजवल्या.

गप्प बसला!

नातवालाही बांगड्याच.

४ सप्टेंबर

आज काय झालं ते लिहायचीसुद्धा लाज वाटते. बाळ पालथं पडायच्या खटपटीत पलंगाच्या कडेला आलं. मी दारातून किंचाळले — "अहो!"

तीन महिन्यांच्या पोराला! अहो!

भव्या धावत आली, तिने बाळ उचललं. मला वाटलं आता हसेल, संध्याकाळी हर्षला सांगेल, हर्ष सगळ्या ऑफिसला सांगेल. ती हसली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर

बाळाची लस. भव्याबरोबर मी गेले. सुई टोचल्यावर पोराने दवाखाना डोक्यावर घेतला. भव्या डॉक्टरांशी बोलत होती, बाळ माझ्या मांडीवर. नर्स म्हणाली, "अज्जी, हेसरू हेळि करीरि." नाव घेऊन हाक मारा, ओळखीचा आवाज ऐकला की शांत होईल.

मी थोपटलं.

"नाव घ्या, अज्जी, नाव!"

सगळे बघायला लागले. बाळ लाल झालेलं, तोंड माझ्याकडे, आणि मी ठोंब्यासारखी गप्प. नर्सला वाटलं असेल, म्हातारीला नातवाचं नाव आठवत नाही. शेवटी तिनेच कागदावर वाचून हाक मारली — "जयतीर्थ! ए जयतीर्थ!" तिच्याकडे वळून बघितलं त्याने. परकीकडे!

ऑटोत मी भव्याशी एक शब्द बोलले नाही. एवढं भांडून मिळवलं आणि मलाच वापरता येत नाही. काइ असतं तर शंभरदा ओरडले असते. हे कोणाला सांगणार? म्हणून इथे लिहिते.

१६ सप्टेंबर

भव्याने आज सांगितलं. त्या नावाला ह्यांनीच नको म्हटलं होतं. शेवटच्या आठवड्यात, दुपारी, मी घरी आले असताना. "उद्या मुलगा झाला तर ही माझंच नाव ठेवायला लावील. ठेवू देऊ नकोस. मी जन्मभर हिच्या हाकेची वाट बघितली. त्या पोराला बघायला लावू नकोस." म्हणून तिने कुठेही, कोणाचीही जीभ अडणार नाही असं नाव शोधून काढलं होतं. माझ्यासाठी.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला लागेल म्हणून, अत्ते."

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी ह्यांच्या फोटोसमोर उभी राहिले. जयतीर्थ, म्हटलं. मोठ्याने. पाळण्यातून हुंकार आला.