एकोणतिसाव्या सेकंदाचा चहा

चिरंजीव मेदेर,

काराकोलहून तुझ्या असानकुलमामाचा सलाम, आणि सलामाच्या मागोमाग आशीर्वाद, हाताला लागतील तेवढे. तब्येत कशी आहे? पाठ दुखत होती ती थांबली का? थांबली नसेल तर खुर्चीत उशी घे, आणि उशी घेऊनही थांबली नसेल तर खुर्चीतून ऊठ. बिश्केकची हवा, तुझे ते दोन भागीदार, तुमच्या खोलीतलं ते एका कानाचं मांजर, सगळे बरे ना? तुझी आई कशी आहे? (मी विचारलं असं तिला सांगू नकोस. विचारलं नाही असंही सांगू नकोस.) आमच्याकडे सगळं ठीक. सोनुनमामी ठीक, गाय ठीक, बाजारातलं माझं कुलूपकिल्लीचं दुकान ठीक. फक्त आमची लेक मेरिम पाच दिवस माझ्याशी बोलत नाही, कारण तिचं लग्न मोडायच्या बेतात आहे, आणि ते तुझ्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळापायी. म्हणून हे पत्र.

आता तू म्हणशील, मामा, फोन का नाही केलात? अरे, फोनवर बोललो तर सोनुन भिंतीला कान लावते, आणि लिहून निरोप पाठवायचा तर माझं बोट भलत्याच ठिकाणी पडतं. मागच्या महिन्यात सोनुनने सांगितलेली यादी तिला परत विचारायला म्हणून पाठवली, 'कांदे दोन किलो, मीठ, सुतळी, गाईचं औषध', आणि ती जाऊन पडली आमच्या मंडळाच्या गटात. मंडळ म्हणजे तुझ्या 'सात दारांचा तंबू'ची वाट बघणारे आम्ही अकरा काराकोलकर. दर रविवारी आशलान-फूच्या टपरीवर जमतो, त्या थंड आंबट शेवयांच्या वाडग्यात मिशा बुडवतो आणि तू सोडलेली एकेचाळीस सेकंदांची झलक पुन्हा पुन्हा बघतो. तर त्या यादीवर मंडळाने तीन दिवस डोकं चालवलं. कांद्याचे पापुद्रे म्हणजे सात दारं. सुतळी म्हणजे चौथ्या दाराची युक्ती. मिठावर ग्रंथपालबाईंनी दोन पानी टिपण वाचलं. मी ओरडून सांगितलं की बाबांनो, हे माझ्या घरचं वाणसामान आहे, तर आमच्यातला कासिमअली डोळे बारीक करून म्हणतो, "हेच म्हणणार ना तो, ज्याच्याकडे आतली खबर आहे!" मला दरदरून घाम फुटला. कारण आतली खबर नसली तरी आतला भाचा आहे. तू शपथ घातली होतीस, 'मामा, खेळ बाहेर पडेपर्यंत माझं नाव कुठे काढायचं नाही.' मी ती अक्षरशः पाळली आहे. (सोनुनला सांगितलं, पण बायको म्हणजे 'कुठे' नव्हे. आणि गाईला सांगितलं.)

खरं सांगू, सुरुवातीला मी ती झलक भाचा म्हणून बघितली. दुसऱ्यांदा कुलपं म्हणून बघितली, आणि तिथेच फसलो. पांढरी लोकरी नमद्याची टोपी घातलेला बोकड पोस्टमन, त्याच्या तोंडात एक फोडलेलं पत्र, आतली वस्तू गायब, समोर तंबू, त्या तंबूला सात दारं आणि प्रत्येक दाराला वेगळं कुलूप! तंबूला मुळात एकच दार असतं हे तुला कुणी सांगितलं नाही का, यावर मंडळात पहिला महिना गेला. दुसरा महिना बोकडाच्या मागच्या पायावर गेला, कारण कासिमअली घोड्यांचा डॉक्टर आहे आणि त्याच्या मते तो पाय उलटा वाकतो. मी म्हटलं, "अहो दादा, तो बोकड टोपी घालतो, पत्रं वाटतो, ते तुम्हाला चालतं, आणि पाय चालत नाही?" तर म्हणाला, "टोपी कुणीही घालेल." या माणसाशी वाद घालणं म्हणजे गंजलेल्या कुलपात नवी किल्ली मोडून घेणं.

पण खरी फाळणी झाली ती एकोणतिसाव्या सेकंदाला. तंबूतली म्हातारी बोकडाला चहा देते, आणि वाटी काठोकाठ भरलेली! आता हे मी तुला काय सांगायचं, की आपल्यात पाहुण्याला अर्धीच वाटी देतात, म्हणजे तो पुन्हा पुढे करेल, आपण पुन्हा ओतू, असा मान राहतो. काठोकाठ भरून दिली म्हणजे 'प्या आणि निघा'. मी लगेच ताडलं. म्हटलं, म्हातारीला बोकड घरात नको आहे, म्हणजे ती काहीतरी लपवतेय, म्हणजे पत्रातली वस्तू हिनेच चोरली आहे. गेले आठ महिने मी हे ठासून सांगतोय, आणि सहा जण माझ्या बाजूला आहेत. कासिमअलीची बाजू वेगळीच. तो म्हणतो, कसलं गुपित नि कसलं काय, चित्र काढणाऱ्याला कळलेलं नाही. आणि मागच्या महिन्यात भर टपरीवर तो म्हणाला, "त्या पोराला आईने चहा ओतायलाच शिकवलेलं दिसत नाही. आईलाच अक्कल नसेल."

मेदेर, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बहिणीची अक्कल काढतो हा! आणि मला तर ती माझी बहीण आहे हे म्हणायचीही सोय नाही. मी शेवयांचा वाडगा तसाच टाकून उठलो. (नंतर पोराला पाठवून तो घरी मागवला, अर्धा भरलेला होता.)

आता तुला वाटेल, एवढं आहे तर त्या कासिमअलीचं तोंड कशाला बघता? अरे, त्याचाच मुलगा तेमिर आपल्या मेरिमला पसंत आहे! मुलगा सोन्यासारखा आहे, बापाचा एक गुण घेतलेला नाही. दोन वर्षं दोघं एकमेकांसाठी थांबलीत. गेल्या गुरुवारी कासिमअली आणि त्याची बायको तुर्दुकान आमच्याकडे मेरिमच्या कानात डूल घालायला आली. मुलाच्या आईने डूल घातले की ठरलं, मग मागे फिरणं नाही. सोनुनने पहाटेपासून कणकेचे बोरसोक तळले, मेरिमने निळा रुमाल बांधला, आणि मला ताकीद होती की खेळाचं नाव काढायचं नाही. मी काढलं नाही. कासिमअलीने काढलं. तुर्दुकानबाई हात धुवायला अंगणात गेल्या तेवढ्या दोन मिनिटांत तो माझ्या कानाशी लागला, "मी मोजलंय, ती वाटी काठोकाठ नाहीच, वरून बघितल्यामुळे तशी दिसते." म्हटलं, नाहीच? नाहीच म्हणाला. मग मी काय करणार! फोन काढला, एकोणतिसावा सेकंद थांबवून त्याच्या डोळ्यांसमोर धरला, मेरिमच्या हातातली किटली घेतली आणि त्याच्याच वाटीत चहा ओतायला लागलो. अर्धी. "अशी दिसते का?" नाही. पाऊण. "अशी?" नाही. मग काठापर्यंत, अगदी वर फुगून थरथरेल इतकी, आणि ती वाटी दोन्ही हातांनी त्याच्या नाकासमोर धरून मी विजयाने ओरडलो, "ही घ्या! आता पटलं?"

आणि दारात तुर्दुकानबाई उभ्या.

त्यांनी वाटीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. डुलांची डबी उघडी होती, ती टक्कन मिटली. कासिमअली म्हणतोय, "अगं, हे त्या बोकडाचं आहे," आणि बाई म्हणतायत, "बोकड कोण ते मला दिसतंय. चला." मी मागे धावलो तर सांडलेल्या चहावरून घसरलो आणि बोरसोकांच्या ताटात बसलो. सोनुन काय बोलली ते पत्रात लिहिता येण्यासारखं नाही.  मेरिमने रुमाल सोडला, घडी घातली आणि आत गेली. मेदेर, मी चाळीस वर्षं लोकांची बंद दारं उघडून देतोय, पण त्या खोलीच्या दाराला कडीसुद्धा नाही आणि ते मला ढकलवलं नाही.

तीन दिवस कासिमअलीने मंडळाच्या गटात एक अक्षर टाकलं नाही. चौथ्या दिवशी मीच लाज गुंडाळून जामची बरणी घेऊन त्यांच्या घरी गेलो. तुर्दुकानबाई अंगणात जर्दाळूंच्या बिया काढत बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि पुरावा म्हणून झलक दाखवली. त्यांनी ती सात वेळा बघितली. सातव्यांदा म्हणाल्या, "तुम्ही सगळे शहाणे आठ महिने हे बघताय?" मी होय म्हटलं. "मग एकालाही दिसलं नाही? ती म्हातारी त्याला हाकलत नाहीये. ती दमलीये. तिला कुठेतरी जायचंय, पुन्हा पुन्हा ओतायला वेळ नाही, म्हणून एकदाच पोटभर देतेय बिचारी. तिने स्वतः चहा घेतला का, हे विचारलंत का कुणी?"  मग त्यांनी हात पुसले आणि निकाल दिला. म्हणाल्या, "तुम्ही त्या म्हातारीसारखीच वाटी भरलीत म्हणता ना? मग ठरू द्या ती काय म्हणतेय ते. तिने हाकललं असेल, तर तुम्हीही आम्हाला हाकललंत. तिने मायेने दिलं असेल, तर बुधवारी मी डबी घेऊन येते. पण हे चित्र काढणाऱ्याच्या तोंडून कळायला हवं." मी पटकन म्हणालो, विचारतो. "म्हणजे ओळख आहे?" मला एकदम खोकला आला. त्या हसल्या नाहीत, पण जामची बरणी ठेवून घेतली.

तर बाळा, तुझ्या बहिणीचे डूल आता तुझ्या म्हातारीच्या हातात आहेत. ती चोर आहे की मायाळू, एवढं एका ओळीत लिहून पाठव. हे पत्र आणणारा मिनीबसचा ड्रायव्हर मंगळवारी परत यायला निघेल, त्याच्याकडे दे. मायाळू निघाली तर मी मंडळात हरलो, आणि पैजेत ठरल्याप्रमाणे वर्षभर टपरीत दाराजवळ, जिथे सगळ्यांचे ओले जोडे असतात, तिथे बसेन. बसेन म्हणतो ना. बापाला एवढं करावं लागतं. सोबत सफरचंदं आहेत, वरची चांगली आहेत, खालची मांजराला.

तुझा, जोड्यांत बसायला तयार असलेला,
असानकुलमामा

ता. क. तिसऱ्या दाराचं कुलूप तू डावीकडे उघडताना दाखवलं आहेस. त्या जातीचं कुलूप डावीकडे उघडत नाही. मुद्दाम केलंस का? सांगू नकोस! मंडळाचा नियम आहे, आधी कळलेलं उत्तर आम्ही हरामाचं समजतो. म्हातारीचं सांग, कुलपाचं नको.

ता. क. दुसरा. पाकीट डकवलं होतं, ते परत उघडलं. (माझा धंदाच तो.) तुर्दुकानबाई म्हणाल्या ते डोक्यातून जाईना, म्हणून घड्याळजीची भिंगाची नळी डोळ्याला लावून एकोणतिसावा सेकंद पुन्हा बघितला. आठ महिने आम्ही सगळे वाटीच बघत होतो. म्हातारीच्या छातीवर, रुमालाच्या टोकाखाली, एक बारकं घड्याळ उलटं टाचलेलं आहे. असं घड्याळ नर्स लावतात. मेदेर, ही झेयने आहे, तुझी आई. दवाखान्यात दोन-दोन पाळ्या करून घर चालवायची, आल्यागेल्याला एकदाच काठोकाठ ओतायची आणि रुमाल बांधत पळायची. तू त्या वाट्या पिऊन मोठा झालास. तुझ्या मते चहा म्हणजे काठोकाठच.

सहा वर्षांपूर्वी, आमच्या बाबांना जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला, तिने अशाच वाट्या भरल्या आणि मी चाळीस माणसांसमोर म्हणालो, "तुला चहा ओतायची अक्कल नाही." तिने किटली खाली ठेवली, रुमाल बांधला आणि गेली. ड्यूटीवर गेली असं मी सगळ्यांना सांगितलं. त्या दिवशी तिची ड्यूटी नव्हती. कासिमअलीवर मी एवढा भडकलो, पण त्याने माझंच वाक्य मला ऐकवलं होतं.

ता. क. तिसरा. म्हातारीचं काही लिहू नकोस. तुर्दुकानबाईंना काय सांगायचं ते आता मी सांगतो, जोड्यांतल्या जागेसकट. तू फक्त हे पत्र आईला दे. सगळं दे, गाईपासून, काही फाडू नकोस. (तिला म्हातारी काढलीस त्याबद्दल ती तुझ्याकडे बघून घेईल, त्यात मी पडणार नाही.) आणि बुधवारी तिला घेऊन ये. मेरिमच्या डुलांचा चहा झेयनेच ओतेल, सगळ्यांना, काठोकाठ. पहिली वाटी मला. मी ती पिईन, आणि जागचा उठणार नाही.