मोठी चाके

धामणगाव बढे,
ता. १५ सप्टेंबर १९४६

चि. मार्तंड यास,

इकडे सर्व क्षेम आहे. पाऊस उघडला, कपाशी बरी आहे, तांबडी गाय व्याली. शरयू आणि तुझी लेक साखरखेर्ड्याला तिच्या माहेरी सुखरूप आहेत. मुलगी थेट तुझ्या नाकावर गेली, असे तुझी वहिनी म्हणते.

तुझे पत्र पोचले. ‘दादा, लष्कराच्या लिलावातल्या माझ्या भंगार जीपने शरयूचा जीव धोक्यात घातला, मला माफ करा,’ असे तू लिहिलेस. ते वाचून मी भरल्या ताटावरून उठलो. वहिनीने विचारले तर पोट बरे नाही म्हणालो. पोट चांगले होते.

जीप भंगार नव्हती, मार्तंडा.

नागपूरला जाताना तू बजावले होतेस, ते मला नीट आठवते. मोठे टायर आणून ठेवलेत, पण त्यांच्या मापाचे गियर मिळेपर्यंत चढवू नका. चढावर जादा जोर देणारा गियरचा लहान दांडा आधीच बिघडलेला आहे, इंजिनाला एवढे चाक फिरवणे झेपणार नाही. मी हो म्हटले. मग श्रावणात जीप काळ्या मातीत रुतली, लोक हसले, आणि मी मडगार्डचा पत्रा लोहाराकडून कापून टायर चढवून घेतले. सपाटीवर झकास पळाली. मलकापूरच्या बाजारात मी ती मोठ्या ऐटीत फिरवून आणली.

टायर उतरवा, असा शरयूने वहिनीकडून निरोप पाठवला होता. तू तिला सारे समजावले होतेस म्हणे. मी ओसरीवरून, तिला ऐकू जाईल असे म्हणालो, ‘‘चाक मोठं असलं का बैलाले गाडी हलकी जाते. जलमभर गाड्या हाकल्या म्या. आता भावजयीकडून शिकू काय?’’ बैल गाडी पुढून ओढतो आणि इंजिनाला चाक मधून फिरवावे लागते, एवढे माझ्या डोक्यात शिरले नाही.

तिला कळा सुरू झाल्या तेव्हा बुलढाण्याच्या दवाखान्यात मीच घेऊन निघालो. वहिनी तिच्याजवळ मागे बसली होती. राजूर घाटात चढ लागला आणि पहिल्या गियरमध्येही जीप उचलेना. इंजिन बंद पडले. ब्रेक त्या चाकांना पुरेना, गाडी मागे सरकू लागली. मी नुसता बसून राहिलो. भावजय भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही, ही आपली रीत. लग्नापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तो तेव्हा ऐकला.

‘‘दरीकडं जाऊ देऊ नोका, दादा. डोंगराकडं वळवा.’’

वळवली. मागचे चाक खडकाला अडले. मागून आलेल्या एका बैलगाडीत तिला घातले, आणि घाटमाथ्यावर, त्याच गाडीत, तुझी मुलगी जन्मली.

घाटातले तुला थोडेफार कळले असेल. टायरांचे आणि पुढचे कोणी सांगितले नसेल.

दवाखान्यात तिचे वडील भगवंतराव आले. म्हणाले, ‘‘असल्या भंगार गाडीच्या भरोशावर माह्या पोरीले ठेवून गेला जावई. आता ती त्याच्या घरी जात नसते.’’ मी समोरच होतो. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. मी खाली पाहून म्हणालो, ‘‘हाव, लय सांगतलं होतं म्या त्याले.’’

शरयू खाटेवर जागी होती. तिने ते ऐकले. घाटात रीत मोडून जिने आम्हा सगळ्यांना वाचवले, ती बापासमोर माझी अब्रू राखायला पुन्हा गप्प बसली. तिने पदर तेवढा पुढे ओढला.

मला माझी लाज वाटते. तू माफी मागू नकोस आणि जीप विकू नकोस. उद्या मी बैलगाडीने साखरखेर्ड्याला निघतो. भगवंतरावांना सारे सांगेन, तिच्यादेखत. हाकलले तर अंगणात बसेन. तुझा संसार माझ्या एका खोट्यापायी मोडता कामा नये. आणि यापुढे माझ्याशी तोंडावर बोलत जा, असे तिला सांगणार आहे. ती बोलेल की नाही, ठाऊक नाही.

दर पत्राखाली ‘वडील भावाचे आशीर्वाद’ लिहीत आलो. आज ते लिहायला हात धजत नाही.

उकंडराव