तुळजाच्या लग्नातले ताशे

मातुश्री आईच्या पायांवर इंदुराहून येसूचे डोके.

पुन्हा तेच! लग्नाच्या दिवशी आबांना हडपसरला मामाकडे ठेवू म्हणतेस. पोरीच्या लग्नात बाप लपवायचा? तुळजा काय म्हणते, ते मात्र लिहिले नाहीस.

माझ्या वरातीत बार उडाले आणि आबांनी मला घोड्यावरून खाली ओढले. चिखलात पाडून माझ्यावर पडून राहिले. "हलू नको पोरा, तोफ इकडेच वळलीय!" त्यांना पानिपताहून येऊन सात वर्षे झाली होती. सारी नारायण पेठ हसली. मी घर सोडले ते त्या रागाने, आणि राग अजून गेलेला नाही.

मी बरा आहे, पागेत काम आहे, दोन वेळा जेवतो. मी मागे ठेवून आलेली तुझी सून तुझ्या हाताखाली रमली का? आबा रात्री आडवे होतात, की अजून दाराशीच बसतात?

परवा तोफेच्या आवाजाला इथली घोडी बुजली. मी तिची मान धरून उभा राहिलो. तिला कोणी हसले नाही, आई.

आबांना मांडवात पुढे बसव. नुसती सनई वाजू दे. ताशेवाले, बारवाले हक्काचे मागतील, ते देऊन त्यांना घरी बसव. त्यासाठी पुण्याला निघालेल्या स्वाराबरोबर पाठवतो रुपये अकरा.