नववीच्या शोकपत्रांतील मयताचे नाव

प्रति,
मा. विस्तार अधिकारी (शिक्षण) तथा संयोजक,
विद्यार्थी इंग्रजी हस्तलिखित प्रदर्शन,
तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया.

अर्जदार : परसराम सोमाजी कापगते, सहायक शिक्षक (इंग्रजी), नवअंकुर विद्यालय, बोडीटोला.

विषय : बोडीटोला शाळेच्या हस्तलिखितातील शोकपत्र विभागात मयत म्हणून घातलेल्या नावाबाबत तातडीची विनंती.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील मागील अर्ज.
२) मयताचे नाव बदलून नवीन पाने जोडण्यास हरकत नसल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा मूळचा अर्जुनी मोरगाव तालुक्यातला असून नोकरीनिमित्त बोडीटोला येथे श्रीमती रुख्माबाई बिसेन, वय अंदाजे सत्तर, यांच्या घरी खोली करून राहतो. पत्नी सौ. अंजू व मुलगा चि. पीयूष, वय चार, गावाकडेच असतात. अर्जदार अंधश्रद्धाळू नाही. जिभेवर कापूर जाळणे, लिंबातून रक्त काढणे इत्यादी प्रयोग त्याने याच शाळेत करून दाखवले असून त्यामागचे विज्ञानही समजावून सांगितले आहे. हे आधीच नमूद करण्याचे कारण असे की, पुढील मजकूर वाचून आपला वेगळा समज होण्याचा दाट संभव आहे.

२. आपल्या प्रदर्शनासाठी नववीच्या मुलांनी वर्षभर इंग्रजीतील छोट्या लेखनप्रकारांचा सराव केला. सूचना, तार, बातमी, जाहिरात, निमंत्रण आणि सर्वांत शेवटी शोकपत्र, म्हणजे मयताच्या घरी पाठवायचे सांत्वनाचे पत्र. लंडनच्या काकांना पत्र लिहा म्हटले की आमचा वर्ग कौलांकडे बघत बसतो, असा अर्जदाराचा अनुभव आहे. त्यामुळे आपल्या परिपत्रकातील ‘नावे व प्रसंग परिसरातील असावेत’ ही अट वाचून त्याला आनंदच झाला. त्याने मुलांना सांगितले की, आपल्याच गावातली माणसे घ्या. मुलांनी ती घेतली आणि तिथेच माशी शिंकली.

३. ओमेश्वर टेंभरे याने ‘हरवली आहे’ या सूचनेत आपले मामा श्री. चैनलाल पटले यांची सायकल घातली. ती पुढच्याच बाजाराच्या दिवशी गोरेगावातून खरोखर गेली. खुमेंद्र कटरे याने बातमीत श्री. घनश्याम रहांगडाले यांच्या तणशीच्या ढिगाला आग लागल्याचे लिहिले. मळणी आटोपली आणि ढीग जळाला. सोनिका पारधी हिने ‘वडील आजारी, ताबडतोब निघा’ अशी तार तयार केली, आणि तिच्या वडिलांना अपेंडिक्सचे ऑपरेशन करायला गोंदियाला न्यावे लागले. ते बरे होऊन परतले, ही समाधानाची बाब होय. अर्जदाराने पालकसभा बोलावून सर्वांना समजावले की, बाजारात सायकली चोरीला जातातच, तणस बिडीच्या थोटकाने जळते, आणि इंग्रजीने कुणाचे अपेंडिक्स सुजत नाही. पालकांनी मान हलवत ऐकून घेतले. उठताना चैनलालजी एवढेच म्हणाले, “सायकल गेली तं गेली, गुरुजी. पन इंग्रजीत कायले लिवली? मराठीत लिवली असती तं कोनी आणून तरी देल्ली असती.”

४. अशा वातावरणात शोकपत्राची पाळी आली. शोकपत्राला मयत लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी पालक उभे होते आणि आमच्या घरचे नाव घ्यायचे नाही, असे प्रत्येकाने बजावले. अर्जदाराने काल्पनिक नाव सुचवले, तर जे नाव काढावे ते कुणाच्या आजोबांचे, कुणाच्या मावशीच्या नवऱ्याचे, नाहीतर पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, दुकानदाराचे निघे. मंगरू म्हणताच दोन मुली रडू लागल्या. आधीच वारलेल्यांपैकी कुणाला घ्यावे, तर त्यांची तेरवी होऊन गेली, त्यांना आता काऊन हलवता, असा सवाल आला. शोकपत्र विभाग वगळावा, तर नियमाप्रमाणे सबंध हस्तलिखित बाद होते. मुलांनी तर आपले अक्षर गोरेगावच्या प्रदर्शनात लागणार म्हणून घरोघरी सांगून ठेवलेले. अर्जदाराची अगदी कोंडी झाली.

५. याच सुमारास अर्जदार प्रशिक्षणासाठी तालुक्याला गेला असता वर्गाने हा प्रश्न आपसात सोडवला. परत येऊन पाहतो तो साऱ्या वर्गाची शोकपत्रे लिहून तयार, प्रत्येक पत्र सौ. अंजू कापगते यांच्या नावे, आणि प्रत्येकात मयत परसराम सर. विचारणा केली असता वर्गातील हुशार विद्यार्थिनी भूमेश्वरी हिने उभे राहून खुलासा केला, “सर, तुमी आमच्या गावचे नाई. आन तुमी मानत बी नाई. जो मानत नाई त्याले काई होत नाई, असं तुमीच सांगतल्लं.” अर्जदार पत्रे तपासायला बसला. पत्रे मात्र वर्षभरात लिहिली गेली नव्हती इतकी चांगली उतरली होती. ‘सर मारत असत, पण मनापासून मारत नसत’ या वाक्याखाली अर्जदाराने लाल शाईने रेघ ओढून ‘छान’ असा शेराही दिला. हस्तलिखिताला जिल्द बांधून ते आपल्या कार्यालयात जमा करण्यात आले.

६. यानंतर जे झाले ते लिहिण्यास संकोच वाटतो. अर्जदाराने दिलेल्या नमुन्यात मृत्यूच्या कारणाची जागा मोकळी ठेवली होती. मुलांनी ती आपापल्या परीने भरली. ओमेश्वरने ट्रकखाली, खुमेंद्रने तलावात बुडून, कुणी सर्पदंशाने, तर कुणी शाळेच्या मोटारपंपाचा करंट लागून अर्जदारास संपवले. सोनिका मनाने हळवी, तिने ‘झोपेत, काही त्रास न होता’ असे लिहिले. वाचताना अर्जदार हसला होता. पण दोन-चार दिवसांनी तलावाच्या पाळीवरून शाळेत येताना त्याचे पाय आपोआप थांबले. तो शेतांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, येऊ लागला. धुऱ्यावर साप असतात, म्हणून काठी आपटत येऊ लागला. डांबरी रस्त्यावर जाणे नको म्हणून शनिवारी घरी जाणे बंद केले. पंपाचे बटन दाबायला शिपायाला सांगू लागला, आणि शिपाई तसा का बघतो ते त्याला कळत होते. राहता राहिली झोप. ती तर सोनिकाने घेतलीच होती. अर्जदारास भीती वाटू लागली, हे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मागून कुणी हाक मारली तरी दचकायला होते. विज्ञान सगळे पाठ आहे, पण ते कामी येत नाही. या भागात मौतीचे पत्र आले की वाचून लगेच फाडतात, घरात ठेवत नाहीत. अर्जदाराच्या मौतीची पत्रे मात्र जिल्द बांधून कपाटात राहिली होती. पत्नीला फोनवर सहज म्हणून सांगायला गेला, तर ती म्हणाली, “आदी नाव काढून घ्या, मंग घरी या.” म्हणून संदर्भ क्रमांक १ चा अर्ज करण्यात आला, व आपण कृपावंत होऊन नाव बदलण्यास संमती दिली.

७. संमती आली, पण नवे नाव कुणाचे, हा घोळ कायमच होता. घरमालकीण रुख्माबाई रोज संध्याकाळी अर्जदारास लाखोळीची डाळ व भात वाढतात. ताट तसेच परत जाते हे पाहून त्यांनी मुलांकडून सारी हकीकत काढून घेतली, आणि एके दिवशी म्हणाल्या, “मास्तर, काऊन भेऊन राहिले? पोरायले माजं नाव लिवू द्या. तुमचं लेकरू लहान आहे. माजं का, मी आज आहो, उद्या नाई.” अर्जदाराने तत्क्षणी नाही म्हणायला हवे होते. तो म्हणाला, विचार करतो. आणि त्या दिवशी तो ताट पुसून जेवला व गाढ झोपला. सकाळी शाळेत पोहोचेपर्यंत मुलांनी लिहायला सुरुवात केली होती. अर्जदाराने त्यांना थांबवले नाही.

८. रुख्माबाई स्वतः शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसल्या आणि भूमेश्वरीकडून एकेक पत्र मराठीत सांगून घेतले. त्यांच्या दुरुस्त्याही होत्या. “बोरं फुकट देत होती, हे बी लिवा. भांडखोर होती, ते काढा. आन पोरगी देवरीले देल्ली आहे, गोंदियाले नाई.” मुले खिदळत होती, त्याही हसत होत्या. अर्जदारही हसला, कारण त्याला सुटल्यासारखे वाटत होते. जुनी पाने काढून व नवी जोडून हस्तलिखित पुन्हा आपल्याकडे जमा झाले.

९. तथापि, त्यानंतर रुख्माबाईंनी घर सारवून घेतले. आपली शेळी शेजारच्या शांतीबाईंच्या दावणीला नेऊन बांधली. देवरीहून मुलीला बोलावून तिला भांडीकुंडी दाखवून ठेवली. गेल्या आठवड्यापासून त्या तापाने अंथरुणावर आहेत. अर्जदाराने गोरेगावहून डॉक्टर आणले. छातीत कफ आहे, गोळ्या नेमाने घेतल्या तर उठून बसतील, नाही घेतल्या तर या वयात सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. रुख्माबाई गोळ्या घेत नाहीत. हातात देताच उशाखाली सारतात. मुलगी पाया पडली तरी ऐकत नाहीत. म्हणतात, “आता कायले? पोरायनं लिवून टाकलं. सरकारात जमा बी झालं.” अर्जदाराने नाना परीने समजावले की, हा निव्वळ सराव आहे, परीक्षेसाठी असे लिहायचे असते, त्यात खरे काही नसते. त्यांनी हातातली गोळीही उशाखाली सारली. मग म्हणाल्या, “सराव होता तं तुमी काऊन भेले? तुमी शिकलेले मानूस. तुमी भेले, तवाच मले समजलं का हे खरं आहे.”

१०. महोदय, हे वाक्य ऐकून अर्जदार हा अर्ज लिहायला बसला. विनंती अशी की, शोकपत्र विभागातून श्रीमती रुख्माबाई बिसेन यांचे नाव आजच्या आज कमी करण्यात यावे व त्या जागी मयत म्हणून अर्जदाराचे नाव पूर्ववत ठेवण्यात यावे. तसे झाल्याचे एक पत्र कार्यालयाच्या गोल शिक्क्यासह मिळावे. तोंडी सांगून त्या ऐकणार नाहीत, पण शिक्का त्यांना मान्य आहे. पहिली पाने शिल्लक नाहीत, ती अर्जदाराने हौसेने फाडली होती. मुलांना पुन्हा लिहिण्यास सांगितले असता वर्गाने वह्या मिटल्या. भूमेश्वरी म्हणाली, “सर, एकाच मानसाले दोनदा कायले मारावं? आमी नाई लिवत.” मुलांवर बळजबरी करणे अर्जदारास योग्य वाटले नाही. म्हणून शोकपत्र त्याने स्वतःच लिहिले असून सोबत जोडले आहे. विभागात एक पत्र असले तरी नियमाची पूर्तता होते, असे परिपत्रकावरून दिसते.

११. भीती गेली म्हणून हा अर्ज केला, असे कृपया समजू नये. ती गेलेली नाही. हा मजकूर लिहितानाही ती आहे, आणि पत्नीच्या नावे ते पत्र लिहिताना तर अर्जदारास मध्येच उठून अंगणात जावे लागले. पण त्याच्या भीतीपायी एक बाई औषध सोडून पडली आहे, आणि तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज येईनासा झाला की त्याहून जास्त भीती वाटते. अर्ज घेऊन अर्जदार स्वतः आला आहे, डांबरी रस्त्याने. शिक्का मिळेपर्यंत तो कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून राहील. या बदलाबाबत सौ. अंजू कापगते यांना कार्यालयामार्फत काही कळवू नये, ही आणखी एक विनंती.

आपला नम्र व आजच्या तारखेस हयात,

(सही)
परसराम सोमाजी कापगते
बोडीटोला, ता. गोरेगाव
दिनांक : २३ फेब्रुवारी २००७

सोबत :
१) डॉक्टरांच्या चिठ्ठीची नक्कल.
२) शोकपत्र, एक, इंग्रजीत, अर्जदाराच्या स्वतःच्या अक्षरात. लिहिताना मध्येच उठावे लागल्याने अक्षर वळणदार आलेले नाही. त्याबद्दल गुण कापू नयेत, ते मुलांचे आहेत.