भिंतीखालचा पाईप

मी, जयराम कारभारी ताजनपुरे, वय पासष्ट, रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेला सिग्नलर, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे हृदय एकदा दगा देऊन गेले आहे, पण डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही, धाक घातलेला नाही. उलट माझा भाऊ रंगनाथ म्हणाला, “दादा, कशाला ही अवदसा? बरा झालास ना?” तरी लिहितो. बरा झालो तो कसा झालो, हे कागदावर यायला हवे आणि त्याप्रमाणे माझ्या मागे व्यवस्था व्हायला हवी.

कलम १. दोन वर्षांपूर्वी मी रागाच्या भरात एक मृत्युपत्र केले होते. रंगनाथला माझ्या जागेतली वीतभर मातीसुद्धा मिळू नये, एवढाच त्याचा मतलब होता. ते मी आज रद्द करतो. त्याची प्रत कोणाला सापडली तर वाचत बसू नये, चुलीत घालावी.

कलम २. माझी पत्नी कै. लताबाई हिचे दागिने आणि बँकेतली ठेव माझी एकुलती मुलगी चांगुणा, जी कळवणला दिलेली आहे, तिला मिळावी. त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. तिच्या आईचे हिरव्या काठाचे लुगडे पेटीत तळाशी आहे, तेही तिचेच.

कलम ३. माझे रेडिओचे यंत्र, म्हणजे ज्यावर मी हौसेने देशोदेशीच्या लोकांशी बोलत असे ते, पिंपळगाव बसवंतचे माझे मित्र भिकन मोरे यांना द्यावे. सरकारी परवाना माझ्याबरोबर संपतो, आणि असे यंत्र परवाना असलेल्या माणसाकडेच जावे असा नियम आहे. भिकनकडे परवाना आहे. त्यांनी ते विकू नये, एवढी विनंती. कान बंद करणारे जाड हेडफोनही त्यांनाच द्यावेत. आयुष्यभर तारेची कट्टकट्ट ऐकून माझा डावा कान गेला आणि उजवा अर्धा राहिला. हे इथे सांगितले, कारण पुढे त्याचा संबंध येतो.

कलम ४. आता घर. ही जागा आमच्या वडिलांची. ते गेल्यावर आम्ही भावांनी मधोमध भिंत घातली, अलीकडची बाजू माझी आणि पलीकडची रंगनाथची. माझ्या एरियलचा लोखंडी खांब वडील असतानाच उभा केला होता, तो वाटणीत रंगनाथच्या अंगणात गेला. खांबावरून उतरलेली केबल त्याच्या अंगणावरून माझ्या खिडकीत येई. तेव्हा त्याची काही तक्रार नव्हती.

चौऱ्याऐंशी साली रंगनाथने टीव्ही घेतला. मी यंत्रावर बोलायला लागलो की त्याच्या पडद्यावर आडव्या रेघा येत. तो भिंतीवरून ओरडे, “दादा, तुझं बोलणं थांबव, बातम्या दिसंनात!” मी थांबत नसे. खरे तर मी मुद्दाम त्याच वेळी बसत असे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी घरात पाहुणे असताना पुन्हा रेघा आल्या, तेव्हा तो पक्कड घेऊन खांबाशी गेला आणि माझी केबल तोडली. मी कोर्टात दावा लावला. सख्ख्या भावावर.

कोर्टाने तात्पुरता हुकूम दिला, की निकाल लागेपर्यंत खांबाला हात लावू नये, पण केबलही कोणाच्या डोक्यावरून नेऊ नये, जमिनीखालून न्यावी. म्हणून मी रेल्वेत रुळांवर काम केलेला गँगमन सहादू आव्हाड याला घेऊन भिंतीच्या पायाखालून चर खणला आणि अडीच इंची प्लॅस्टिकचा पाईप टाकला. काम मी नीट केले, हे अभिमानाने लिहावेसे वाटते आणि लाजही वाटते. कोपऱ्यावर काटकोन न घेता लांब वळण दिले, म्हणजे केबल ओढताना अडकत नाही. पाणी साचू नये म्हणून खांबाकडे उतार दिला. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून पलीकडचे तोंड काठीच्या मुठीसारखे खाली वाकवले. पुढेमागे आणखी केबल टाकता याव्यात म्हणून पाईप मुद्दाम मोठा घेतला आणि तोंडे बुजवली नाहीत. त्यातून एकच बोटभर जाडीची केबल गेली. बाकीचा पाईप पोकळ राहिला.

त्याचे एक तोंड माझ्या खाटेच्या उशाशी होते. दुसरे रंगनाथच्या अंगणात, जिथे त्याची बायको मैना भांडी घासते त्या दगडाच्या वरच.

नवी केबल जमिनीखालून गेल्यावर टीव्हीवरच्या रेघा जवळजवळ गेल्या. भांडणाचे कारण संपले. दावा मात्र मी चालूच ठेवला.

कलम ५. मी एकटा राहतो. लता पंचाहत्तर साली गेली, तेव्हापासून मला तिच्याशी बोलायची सवय आहे. खाटेवर बसून दिवसाचे सगळे तिला सांगतो. आज भाकरी करपली, आज जेवलोच नाही, अंगात कणकण आहे, चांगुणाचे पत्र नाही. कधी रडतोही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

पाईप टाकल्यानंतरच्या वर्षभरात माझ्या दाराशी अधूनमधून झाकलेले ताट येई. तापाच्या दिवशी मऊ भात आणि मेतकूट. भाकरी करपलेल्या दिवशी भाकरी. ठेवणारी मैनाच, हे मला कळत होते. मी ताट रिकामे करून भिंतीवर ठेवत असे आणि एक शब्द बोलत नसे. मनात म्हणे, दाव्याला घाबरली आहेत, म्हणून लोणी लावतात. नेमके त्याच दिवशी भात कसा आला, हा प्रश्न मला पडला नाही.

आणि मी लताला आणखीही सांगत असे. रंगनाथचे वाटोळे होऊ दे, असे म्हणे. एकदा कोर्टातून चिडून आलो आणि मैनाबद्दल बोललो. रंगनाथ आणि मैना यांना मूल झाले नाही. त्यावरून बाईला जो शब्द मारतात तो मी मोठ्याने उच्चारला, आणि वर म्हणालो की देवाने बघूनच त्यांची ओटी रिकामी ठेवली. तो शब्द मी इथे लिहीत नाही.

लता गेली तेव्हा चांगुणा आठवीत होती. तिच्या वेण्या, तिचे डबे, तिचे आजारपण, शेवटी तिचे लग्न, सगळे मैनाने केले. हे मी तो शब्द बोलताना विसरलो नव्हतो. माहीत असूनच बोललो.

कलम ६. यंदाच्या जानेवारीत एका सकाळी माझ्या छातीत कळ आली आणि मी खाट आणि टेबल यांच्या मधल्या जागेत पडलो. दाराला आतून कडी. उठता येईना. लताला हाक मारली असे आठवते, मग पाणी मागितले. पुढचे मला सांगण्यात आले ते असे. मैना भांडी घासत होती. हातातली परात टाकून ती ओरडली, “अहो, पळा, भाऊजी पडले!” रंगनाथ भिंतीवरून उडी मारून आला. खिडकीचे गज वाकवून आत शिरला. एक टेम्पो थांबवून त्यात मला मांडीवर घेऊन दवाखान्यात गेला.

त्या दिवशी कोर्टाची तारीख होती. रंगनाथची साक्ष व्हायची होती. त्याने वकील सोडून दिला होता, स्वतःच बोलणार होता. कोर्टात नाव पुकारले, तो हजर नव्हता. तो माझ्या खाटेशी होता. त्याची बाजू मांडायला कोणी नव्हते, म्हणून एकतर्फी निकाल झाला. खांब कायम, केबल कायम, खर्च प्रतिवादीने द्यावा.

तिसऱ्या दिवशी माझे वकील पेढे घेऊन दवाखान्यात आले. “जयरामराव, जिंकलात! प्रतिवादी फिरकलाच नाही.” रंगनाथ तिथेच स्टुलावर बसून माझ्यासाठी संत्रे सोलत होता. वकिलांनी त्याला ओळखले आणि पुडा खाटेवर ठेवला. रंगनाथने पुडा उघडला, एक पेढा मोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला.

“घे दादा. डॉक्टरांनी गोड जास्त नको म्हणलंय, अर्धाच खा.”

मी तो हातात धरून ठेवला.

वकील गेल्यावर डबा घेऊन आलेल्या मैनाला मी विचारले, “दार बंद होतं. तुला कसं कळलं?” ती डबा उघडायला लागली. रंगनाथ म्हणाला, “तुझ्याच पायपातनं, दादा. कर्ण्यासारखा आवाज येतो.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

मी मैनाकडे पाहिले. “सगळं ऐकू येतं?”

“सगळं नाय ऐकत मी,” ती म्हणाली. “तुम्ही वहिनींशी बोलाय लागले की भांडी वाजवते.”

“अगं, मग बोळा का नाही घातला त्यात?”

“घातला व्हता दोनदा. मग तुम्ही जेवले का नाय ते कळंना. काढला.”

माझ्या आयुष्यात मला पुष्कळ वेळा लाज वाटली आहे. संदेश चुकला म्हणून साहेबाने सगळ्यांसमोर झापले, लग्नात हुंड्यावरून वडील भांडले, असल्या गोष्टींची. ती लाज दुसऱ्या दिवशी उतरत असे. ही उतरत नाही. मला तिने माझ्या सगळ्यात वाईट वेळी ऐकले आणि तरी परात टाकून ओरडली. आता अंगणात तिची सावली दिसली तरी मी नजर चुकवतो. ती अजूनही ताट आणते. मी अजूनही ते खातो.

कलम ७. सबब माझ्या वाट्याची जागा आणि त्यावरचे घर, माझ्या पश्चात सौ. मैना रंगनाथ ताजनपुरे हिच्या एकटीच्या मालकीचे व्हावे. रंगनाथच्या नावावर नको, तिच्याच नावावर. तिने राहावे, भाड्याने द्यावे किंवा विकावे, कोणी विचारू नये. मधली भिंत तिला हवी तर पाडावी.

चांगुणाने याला संमती दिली आहे. कारण मी तिला खरे सांगितले, तो शब्दही सांगितला. ती म्हणाली, “आप्पा, मला कळवणला सगळं आहे. घर काकूच्या नावानं करा. आणि तुम्ही असं बोललात, हे मी तुमच्या जावयाला सांगणार नाही. मला लाज वाटते.” माझ्या मुलीने माझ्याबद्दल हे म्हणणे योग्यच होते.

कलम ८. कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी मी केलेली नाही आणि माझ्या वारसांनीही करू नये. खर्च मागू नये. खांब मी गेल्या महिन्यात सहादूकडून उतरवून घेतला आहे, म्हणून त्याबद्दल वेगळी व्यवस्था लिहीत नाही. माझ्या वकिलांना माझ्या तेराव्याला बोलावू नये. त्यांची चूक नव्हती, पण बोलावू नये.

कलम ९. तारा डाखायचे सोल्डरिंग आयर्न, पकडी, करवत आणि सायकल सहादूला द्यावी.

कलम १०. मैनाची माफी मी समोर जाऊन मागू शकलो नाही, म्हणून या कागदातून मागत आहे. ती हे वाचेल तेव्हा मी नसेन.

ही शेवटची ओळ लिहून मी सहीसाठी साक्षीदारांना आत बोलावले आणि त्यांना सर्व वाचून दाखवले. कलम दहा झाल्यावर सहादू म्हणाला, “आप्पा, रागवू नका. मेल्यावर माफी मागायची ही कोणती रीत? बाई तर पलीकडं भाजी निवडून राहिली.” साक्षीदारांना बसवून, सही न करता, मी पलीकडे जाऊन आलो. म्हणून कलम दहा खोडले आहे आणि त्याऐवजी जे घडले ते लिहितो.

मैना ओसरीवर मेथी निवडत होती. मी उभ्यानेच सांगितले की मी तो शब्द बोललो, जाणून बोललो, आणि तो परत घ्यायला आलो आहे. तिने मान वर केली नाही. जुडीची दोरी सोडत म्हणाली,

“भाऊजी, तुमच्या तोंडून मी तो एकदाच ऐकला. सासूबाईंच्या तोंडून रोज ऐकायचे. परत घ्यायला आलेले तुम्ही पयलेच.”

सासूबाई म्हणजे माझी आई. मी खाली बसलो. थोड्या वेळाने ती उठली.

“चहा टाकते. त्या माणसांना तिकडं एकटं कशाला बसवलं? हिकडंच बोलवा.”

त्यामुळे हे मृत्युपत्र रंगनाथच्या ओसरीवर पुरे झाले. कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग आहे तो त्यावेळचा. त्यावरून कोणी या दस्ताबद्दल शंका घेऊ नये. मैनाला जागा मिळणार असल्यामुळे तिची किंवा रंगनाथची साक्ष घेतलेली नाही. खाडाखोड फक्त कलम दहामध्ये आहे, ती मी केलेली असून तिच्या शेजारी माझी सही आहे.

वाचून, समजून, माझ्या खुशीने सही केली.

सही: जयराम कारभारी ताजनपुरे

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली आणि आम्ही लिहून देणाऱ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. सहादू नाथा आव्हाड, निवृत्त गँगमन, नाशिक रोड (डाव्या हाताचा अंगठा)
२. खंडेराव पुंजाराम लवटे, निवृत्त शिक्षक, नाशिक रोड (सही)

स्थळ: नाशिक रोड
दिनांक: १९ ऑक्टोबर १९८६