बेडकी कोण चालवणार

प्रिय दादा,

आधी बातमी सांगते, बेडकी चालू झाली. बाबांनी फोनवर सांगितलंच असेल, पण त्यांनी सांगितलेलं आणि घडलेलं यात फरक असतो, म्हणून माझ्याकडूनही ऐक. आजोबांची ही चिमुकली गाडी चढावर आली की मागचे सायकलवालेसुद्धा घंटी वाजवायचे, आठवतं? काल तिने गल्लीच्या टोकाचा चढ धाप न लागता पार केला. शिंपीकाका हातातली कात्री तशीच घेऊन बाहेर आले. बाबा त्यांना छाती फुगवून म्हणाले, आमच्या मुलाची गाडी! मी तेव्हा स्टिअरिंगवरच बसले होते.

नवं इंजिन घ्यायची ऐपत कुणाची? होतं त्यातूनच ताकद काढायची होती. सिलिंडर थोडे मोठे करून घेतले आणि त्यांत एका मोडीत निघालेल्या व्हॅनचे पिस्टन बसवले. ते बसतील हे भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात उकिडवं बसून, मापं घेऊन मी शोधलं. हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा तळ तासून घेतला, म्हणजे पेट्रोल आणि हवा जास्त दाबली जाते. हवा आत यायच्या वाटा गुळगुळीत करायला काडीला पॉलिश पेपर गुंडाळून मी कित्येक रविवार घासत होते. बोटांचे ठसे पार पुसले गेले असतील, आता चोरी केली तरी पकडली जाणार नाही. मग हेडमधल्या चारही पोकळ्या सारख्या मापाच्या हव्यात, नाहीतर इंजिन थरथरतं. त्या मी लॅबमधून आणलेल्या सिरिंजने रॉकेल भरून मोजल्या. दिवसभर लोकांचं रक्त काढणारा हात आहे, एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. बाबा बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. म्हणाले, दादाला विचारायला हवं हे बरोबर आहे का.

दादाला! लहानपणी ऑइलच्या तोंडातून पाणी ओतणाऱ्या दादाला! ती गोष्ट ते आल्यागेल्याला सांगतात आणि डोळे पुसेपर्यंत हसतात. परवा माझ्या हातून एक वायसर पडला, तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीवरच्या खिळ्याला तुझा पाना अजून टांगलेला आहे, त्याला हात लावायचा नाही. मी झिजलेल्या पान्याने नट आवळते आणि बोटं सोलून घेते.

मला तुझा हेवा वाटतो, दादा. आडून आडून लिहायला बसले होते, पण जमत नाही. तू परगावी गेलास तेव्हा मनातल्या मनात मी खूश झाले होते, म्हटलं आता तरी माझी पाळी. झालं भलतंच. घरात असताना तू निदान चुका करायचास. लांब गेल्यापासून तुझी एकही चूक होत नाही. आईला म्हटलं, मग मीही जाऊ का लांब? ती भांडी जोरजोरात लावायला लागली. तुझ्यावर राग धरावा म्हटलं तर तोही टिकत नाही, कारण तू फोनवर आधी माझीच चौकशी करतोस. तेवढ्यासाठी तर जास्तच चिडते मी!

पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांच्या क्लबची डोंगर चढायची शर्यत आहे. बाबांनी चालक म्हणून तुझं नाव सांगून टाकलंय, मला न विचारता आणि तुलाही न विचारता. सीट पुढेमागे होत नव्हती, म्हणून त्यांनी ती बोल्ट मारून पक्की केली, तुझ्या पायांच्या लांबीचा अंदाज घेऊन. क्लचपर्यंत पाय पोचावा म्हणून काल मी पाठीला दोन उशा लावून बसले होते. त्या त्यांनीच मला आणून दिल्या, आणि तरीही त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

रविवारी ते तुला फोन करतील. तू येऊ नकोस. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं. रजा मिळत नाही म्हण, पाठ धरली म्हण, काय वाटेल ते सांग. पण दादा, धाकटीला चालवू दे असं मात्र चुकूनही म्हणू नकोस. तू म्हणालास म्हणून मिळालेली सीट मला नको. तू नुसतं नाही म्हण आणि फोन ठेव. मग अंगणात गाडी, बाबा आणि मी एवढेच उरू. तेव्हा तरी त्यांना माझ्याकडे बघावं लागेल.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
धाकटी