हरेश्वरच्या हाती सुकाणू देण्याबाबत

मी, तुळशीराम धाकू कोळी, धंदा मासेमारी, राहणार काशीद कोळीवाडा, संस्थान जंजिरा, राजीखुशीने लिहून ठेवतो की मला दम्याचा विकार आहे, पण तो छातीत आहे, डोक्यात नाही. मला कोणी भुलवलेले नाही. प्रयत्न मात्र बऱ्याच जणांनी केला. हा मजकूर शाळेचे सदा मास्तर लिहीत आहेत. त्यांनी खरोखर काय लिहिले ते माझी मुलगी बायजा वाचून दाखवील, मगच मी अंगठा उठवीन. मास्तरांनी राग मानू नये.

राहते घर व अंगणातले माड माझी बायको नीराबाई हिचे, ती असेपर्यंत. तिच्या पश्चात बायजाचे. मासळी सुकवण्याची जागा आजपासूनच बायजाची समजावी, कारण तिथे राबते तीच.

माझा भाऊ येसाजी याला होडीचा जुना लोखंडी नांगर द्यावा. तो मी त्याच्याकडून लाटला असे तो वर्षानुवर्षे सांगत फिरतो. नांगर माझाच आहे. पण निदान माझ्या तेराव्याला तरी त्याने दुसरा विषय काढावा.

आता होडी. सगळ्यांचे डोळे तिच्यावर आहेत हे मला कळते.

मी अंथरूण धरल्यापासून माझा मुलगा हरेश्वर होडीवर सुकाणू धरून तांडेलकी करतो. त्याचा धंद्यात फार जीव आहे असे वाड्यात बोलतात. तो आरोळी देतो तेव्हा खलाशी जाळे दुप्पट जोराने ओढतात, हेही खरे. पण असल्या जोशाचा मला भरवसा वाटत नाही. माणूस कामासाठी ओरडतो की किनाऱ्यावरच्यांनी ऐकावे म्हणून, हे ओळखायचे कसे? माझे खलाशी माझ्या नजरेला भिऊन ओढत.

गेल्या महिन्यात तेच झाले. भरतीचे पाणी उलटले, तरी याची आरोळी चालूच आणि खलाशी ओढताहेत. डोल, म्हणजे आमचे पिशवीसारखे जाळे, समुद्रात रोवलेल्या खुंटाला अडकून उभे फाटले. हरेश्वर कोणावर खेकसला नाही. वाळूत बसून जाळे विणू लागला आणि खलाशीही न बोलावता शेजारी बसले. मला संशय आला. मी काठी टेकत गेलो आणि बोंबील सुकत घातलेल्या काठ्यांमागे बसून ऐकले.

गुणाजी खलाशी म्हणाला, "तांडेल, तू आरोळी देतोस तवा हातात जोर येतो. पर तू पान्याकरं बघत न्हायस."

हरेश्वर म्हणाला, "मंग तू बघ. आन मना थांब म्हन. मी थांबन."

माझ्या होडीवर मला असे कोणी बोलले नाही. कोणाची छाती झाली नसती. मला मुलाचा राग आला आणि हेवाही वाटला. कदाचित त्यांनी मला पाहिले असेल आणि मुद्दाम बोलले असतील. तेही तपासले. बायजा तिथेच मासळी सुकवत होती; ती म्हणते, पाहिले नव्हते. बायजा भावाचीच बाजू घेते.

सबब होडी, डोल व तांडेलकी हरेश्वरला देतो. अट एकच. पाण्यावर नजर गुणाजीने ठेवावी, आणि त्याने थांब म्हटले की हरेश्वरने थांबावे. न थांबल्यास होडी विकून पैसे नीराबाईला द्यावेत. गुणाजी यात साक्षीदार नाही. त्याचे नाव आत आल्यामुळे चालत नाही असे मास्तर सांगतात. मी आणखी दोघांना विचारून खात्री केली.

बायजाने इथवरचे वाचले तेव्हा हरेश्वर उंबऱ्यात उभा होता. होडी मिळाल्याचे ऐकून तो कसा हसतो, ते मी निरखत होतो. तो हसला नाही. म्हणाला,

"बा, उद्या होडीवर येशील काय? सुकानू तू धर. आरोळी मी देतो. तुला दम लागला तर हात वर कर, सगली थांबू."

यात त्याचा काय डाव आहे, ते मला अजून समजलेले नाही. नीराबाईला उद्यासाठी माझी घोंगडी काढून ठेवायला सांगितली आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : तुळशीराम धाकू कोळी

साक्षीदार :
१. मोरू हिरू कोळी (अंगठा)
२. अंबाजी काळू कोळी (सही दस्तुरखुद्द)

मुक्काम काशीद, ता. ११ नोव्हेंबर १९३४